शांतिसेनेतले जवान कुठवर थांबणार, हे संसदेत सांगा

प्रति,
संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार या संसदीय स्थायी समित्यांचे सर्व सदस्य,
तसेच सोलापूर व माढा लोकसभा मतदारसंघांचे खासदार,
नवी दिल्ली

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

दक्षिण लेबनॉनमधली संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना ३१ डिसेंबर २०२६ ला काम थांबवणार आहे. सुरक्षा परिषदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये २७९० क्रमांकाचा ठराव करून शेवटची मुदतवाढ दिली आणि त्यापुढच्या वर्षभरात सगळ्या तुकड्यांनी बाडबिस्तरा आवरून निघावं असं ठरवलं. १९७८ साली उभ्या राहिलेल्या या सेनेत भारताची पायदळ पलटण १९९८ पासून आहे. एक पलटण येते, दुसरी तिची जागा घ्यायला जाते, असं पंचवीस वर्षांहून जास्त काळ चाललं आहे. पाठोपाठ ऑक्टोबर २०२५ मध्ये दुसरी बातमी आली. संयुक्त राष्ट्रांच्या तिजोरीत पैसा नाही, अमेरिकेची वर्गणी मोठ्या प्रमाणात थकली आहे, म्हणून नऊ मोहिमांमधले सुमारे एक चतुर्थांश, म्हणजे १३ ते १४ हजार सैनिक आणि पोलीस कमी करायचे.

एका ठिकाणी बड्या देशांच्या राजकारणानं तारीख ठरवली, दुसरीकडं रिकाम्या तिजोरीनं. ज्या कामासाठी जवान पाठवले होते ते झालं का, हा प्रश्न दोन्हीकडं मागं पडला.

म्हणून हे पत्र लिहिते आहे. परदेशात शांतिसेनेत जवान किती काळ ठेवायचे हे कामावर ठरावं. ते काम कोणतं आणि ते पुरं झालं हे कशावरून ओळखायचं, हे सरकारनं जवान पाठवतानाच संसदेला सांगावं आणि दर वर्षी त्याचा हिशेब मांडावा. माझी मागणी एवढीच आहे.

मी सोलापुरात एका माध्यमिक शाळेत इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. नववीला संयुक्त राष्ट्रांचा धडा आहे. माझे यजमान लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीच्या शेवटी शेवटी ते दक्षिण सुदानमध्ये मलाकालला होते. त्यामुळं धड्यातली शांतिसेना आमच्या घरात फोनवरून, फोटोंतून आणि काळजीतून आली.

आमच्या जिल्ह्यात सांगोला, मंगळवेढा, माढा, बार्शी, कुठल्याही तालुक्यात जा, लष्करातल्या माणसाचं घर सापडतं. या घरांमध्ये यूएनची पोस्टिंग म्हणजे भाग्य समजतात, हे मी लपवणार नाही. संयुक्त राष्ट्रं प्रत्येक सैनिकामागं महिन्याला सुमारे १,४०० डॉलर देतात. ते सरकारला मिळतात, जवानाला नाही. जवानाच्या हाती त्याचा पगार आणि परदेशातला भत्ता येतो. पण तेवढ्यावरही पत्र्याच्या घरावर स्लॅब पडतो, बहिणीचं लग्न कर्जाशिवाय होतं, शेतात बोअर घेता येतो. आमच्याही घराचा वरचा मजला त्या पैशातून झाला. त्यामुळं ‘मोहीम आवरा’ असं जवानांच्या घरून तुम्हाला कुणी सांगायला येणार नाही. पैसे मिळतात म्हणून आम्ही गप्प, देशाचं नाव होतं म्हणून सरकार गप्प, आणि दुसऱ्याचे जवान आयते मिळतात म्हणून सुरक्षा परिषद गप्प. भिजत घोंगडं पडायला आणखी काय लागतं?

आता मलाकालबद्दल थोडं विस्तारानं लिहिते, कारण माझं म्हणणं तिथूनच निघालं आहे.

मलाकाल पांढऱ्या नाईलच्या काठावर आहे. डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानात यादवी पेटली तेव्हा जीव वाचवायला माणसं शांतिसेनेच्या तळांकडं धावली. फाटकं उघडली गेली आणि काही दिवसांपुरता दिलेला आसरा वर्षानुवर्षांची वस्ती झाला. त्याच महिन्यात अकोबोच्या लहानशा तळावर जमाव चालून आला. आश्रयाला आलेल्या लोकांना वाचवताना तिथं आपले दोन जवान मारले गेले. मलाकालच्या तळाला लागून हजारो माणसांची ताडपत्रीची वस्ती उभी राहिली. तिथली जमीन म्हणजे आपली मंगळवेढ्याची काळी रानं. पाऊस लागला की गाडीची चाकं आसापर्यंत रुततात, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आणि लोक ज्वारीच खातात. ह्यांनी पहिल्या आठवड्यातच फोनवर सांगितलं होतं, “अगं, इथं पण ज्वारी हाय. फक्त भाकरी नाय, पातळ घावनासारखं काहीतरी करतात.”

ह्यांच्या तुकडीचं एक काम असं होतं की वस्तीतल्या बायका सरपण आणायला बाहेर निघाल्या की त्यांच्यासोबत गस्त घालायची. बायका पुढं, मागं-पुढं निळ्या टोपीतले जवान, एखादी गाडी. ऐकायला किरकोळ वाटतं. पण वस्तीबाहेर एकट्यादुकट्या बाईवर काय प्रसंग ओढवत होते, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. चिखलात गाडी अडकली किंवा गस्त रद्द झाली की त्या दिवशी चूल पेटवायची पंचाईत. मग काही जणी जिवावर उदार होऊन एकट्याच जात. ह्यांना त्या दिवशी जेवण जायचं नाही.

मी एकदा विचारलं, “तुमचं काम संपलं हे तुम्हाला कळणार कसं?” ते म्हणाले, “ज्या दिवशी ह्या बायका आमची वाट न बघता सरपणाला जातील आणि संध्याकाळी सगळ्या परत येतील, त्या दिवशी.”

सन्माननीय सदस्यहो, मोहिमेच्या मुदतीबद्दल याहून नेमकं मी काही वाचलेलं नाही. मुदत अशी ठरवायला हवी. ठराविक महिने झाले म्हणून नव्हे, एखाद्या देशानं वर्गणी थकवली म्हणून नव्हे, आणि आपल्याला सुरक्षा परिषदेत कायमची जागा हवी आहे म्हणून तर नव्हेच.

नुसतं थांबून राहिल्यानंही माणसं वाचतात असं नाही, हेही मलाकालनंच दाखवलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याच वस्तीत हत्यारबंद लोक घुसले, झोपड्या जाळल्या, किमान २५ माणसं मेली. संयुक्त राष्ट्रांच्या स्वतःच्या चौकशीत शांतिसेनेच्या गोंधळाबद्दल आणि दिरंगाईबद्दल ठपका आला. तळ होता, जवान होते, पण कुणी कुणाच्या हुकमानं काय करायचं याचा घोळ होता. असा घोळ असेल तर मुदत दहा वर्षांनी वाढवूनही काही उपयोग नाही.

आणि एक घरातली गोष्ट. आपल्या पलटणी साधारण वर्षभरासाठी जातात, मग दुसरी पलटण जागा घेते. ह्यांची परत येण्याची वेळ आली आणि करोना आला. एप्रिल २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगभरातल्या तुकड्यांची अदलाबदल ३० जूनपर्यंत थांबवली. त्या काळात ते करणं भागच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ही गोष्ट घरी कळवायला कुणी नव्हतं. सासऱ्यांची तब्येत ढासळलेली, सोलापुरात संचारबंदी, आणि ज्या कार्यालयात मी फोन केला तिथल्या माणसानं “येतील तेव्हा येतील ताई” म्हणून फोन ठेवला. पलटणीतल्या जवानांच्या बायकांचा एक ग्रुप होता. त्यात कुणाला नवऱ्याचा फोन आला की ती जे कळेल ते टाकायची आणि बाकीच्या त्यावर तर्क लढवायच्या. एकीचं बाळंतपण त्याच महिन्यात होतं. मुदत वाढते तेव्हा इथं प्रत्येक घरात काय काय अडून बसतं, हे न्यूयॉर्कला कळणार नाही. दिल्लीला कळायला हवं.

आता थोडा इतिहास. तो मी शिकवते, म्हणून नव्हे. आपल्या देशानं यातलं सगळं आधी सोसलेलं आहे, म्हणून.

१९५६ साली गाझा आणि सिनाईमध्ये पहिली सशस्त्र शांतिसेना गेली. भारतीय तुकड्या तिथं सुरुवातीपासून होत्या. अकरा वर्षं थांबल्या. मे १९६७ मध्ये इजिप्तनं निघा म्हटलं, संयुक्त राष्ट्रांनी मान तुकवली, आणि सैन्य निघायच्या तयारीत असतानाच ५ जूनला युद्ध भडकलं. दोन सैन्यांच्या मध्ये अडकलेले आपले जवान मारले गेले. त्या सेनेचे प्रमुखही भारतीयच होते, मेजर जनरल इंदरजित रिखी. अकरा वर्षांत निघण्याची नीट योजना कुणी केली नव्हती. मग जे घडायचं ते गडबडीत घडलं.

श्रीलंकेचं तर आपल्याच सरकारनं केलं. त्यात संयुक्त राष्ट्रं नव्हती. जुलै १९८७ मध्ये करार झाला, तमिळ बंडखोरांची शस्त्रं जमा करून घ्यायला सैन्य गेलं आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत तेच सैन्य त्यांच्याशी लढत होतं. काम पूर्ण पालटलं. पण नव्या कामासाठी किती काळ, किती किंमत मोजून थांबायचं, हा प्रश्न देशासमोर मांडलाच गेला नाही. महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन त्या लढाईत पडले, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. १९८९ मध्ये श्रीलंकेच्या अध्यक्षांनीच चालते व्हा म्हटलं. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तोवर सुमारे बाराशे जवान मारले गेले होते. त्या मोहिमेतून परतलेले माजी सैनिक आजही आमच्या जिल्ह्यात आहेत. कशासाठी गेलो होतो, हे नातवंडांना कसं सांगायचं हा त्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

लवकर निघून जाण्याचे परिणाम याहून भयंकर असतात, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. एप्रिल १९९४ मध्ये रवांडात दहा बेल्जियन सैनिक मारले गेले, बेल्जियम निघून गेलं आणि सुरक्षा परिषदेनं ऐन कत्तलीत शांतिसेना २७० माणसांवर आणली. सुमारे आठ लाख लोक मारले गेले. सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफूर भागातली मोहीम ३१ डिसेंबर २०२० ला बंद केली. परिस्थिती सुधारते आहे, असं तेव्हा कागदावर होतं. एप्रिल २०२३ मध्ये सुदान पेटला आणि ज्या दारफूरच्या लोकांना वाऱ्यावर सोडलं होतं त्यांच्यावर पुन्हा तेच अत्याचार सुरू झाले. ‘आपले पोरगे परत आणा, बाकीचं त्यांचं ते बघतील’ असं मी कधी म्हणणार नाही, ते यासाठी.

काँगोचं उदाहरण सगळ्यांत अवघड आहे. तिथं शांतिसेना १९९९ पासून आहे. भारताच्या तुकड्या, हेलिकॉप्टर, गोमा शहरातलं रुग्णालय, सगळं दिलं आपण. वीस वर्षांनंतर तिथल्या लोकांचाच संताप झाला: एवढं सैन्य असून आमची गावं का लुटली जातात? जुलै २०२२ मध्ये बुटेंबोला निदर्शनांचा भडका उडाला आणि त्यात सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मारले गेले. ज्यांच्या रक्षणाला गेले त्यांच्याच रोषाला बळी पडले. मग माघार ठरली. जून २०२४ मध्ये दक्षिण किवू प्रांत सोडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या प्रांताची राजधानी बुकावू एम-२३ बंडखोरांच्या हाती गेली. पण त्याआधी जानेवारीत गोमाही पडलं होतं, आणि गोमात शांतिसेना होती! सेना असलेलं शहरही पडलं आणि नसलेलंही. मग सेना कशाला? तर गोमा पडलं तेव्हा बंदुका टाकलेले सरकारी सैनिक आणि जीव मुठीत धरून आलेली माणसं याच सेनेच्या तळांवर शिरली. एवढंच काम उरलं असेल तर तेवढंच आहे असं सांगा, त्यासाठी लागेल तेवढं बळ द्या, आणि शहर राखण्याच्या गोष्टी करू नका. काम काय हे स्पष्ट नसेल तर ‘किती काळ’ या प्रश्नाला उत्तरच नसतं.

हे जमू शकतं, याचं उदाहरण सिएरा लिओनमध्ये आहे. तिथं मे २००० मध्ये कैलाहूनला आपले दोनशेहून अधिक जवान बंडखोरांनी घेरले होते. जुलैमध्ये ऑपरेशन खुकरी करून आपण त्यांना सोडवलं, आणि नंतर मोहिमेच्या नेतृत्वातल्या मतभेदांमुळं भारतानं सैन्य काढून घेतलं. ती मोहीम मात्र पुढं चालू राहिली आणि डिसेंबर २००५ मध्ये नीट मिटली. सुमारे ७५ हजार लढवय्यांनी शस्त्रं खाली ठेवली, २००२ मध्ये निवडणूक झाली. सैन्य कमी करायचं ते टप्प्याटप्प्यानं, आणि प्रत्येक टप्पा गाठला की नाही हे पाहूनच. स्थानिक पोलीस आणि लष्कर उभं राहिलं का, शस्त्र टाकलेल्यांना पोटापाण्याचं साधन मिळालं का, हिऱ्यांच्या खाणींवर सरकारचा ताबा आला का. ज्या भागात उत्तर ‘हो’ आलं तिथून तुकडी हलली. लायबेरियाची मोहीमही मार्च २०१८ मध्ये अशीच मिटवली. तिथं आपल्या महिला पोलिसांची तुकडी २००७ पासून २०१६ पर्यंत होती आणि राजधानी मन्रोव्हियाच्या रस्त्यांवर त्यांनी गस्त घातली.

उलट बाजूला, सीरिया आणि इस्रायलमधल्या गोलान टेकड्यांवरची सेना १९७४ पासून आहे. दर सहा महिन्यांनी मुदत वाढते. सायप्रसमध्ये १९६४ पासून सेना आहे. आपले जनरल थिमय्या तिचे प्रमुख असताना १९६५ मध्ये तिथंच वारले. आणि आपल्या स्वतःच्या घरात, काश्मीरच्या नियंत्रण रेषेसाठी १९४९ पासून संयुक्त राष्ट्रांचे लष्करी निरीक्षक आहेत. १९७२ च्या सिमला करारानंतर त्यांचं काम उरलं नाही, ही भारताची भूमिका आजवर कायम आहे. काम संपलेली मोहीम वर्षानुवर्षं पाहुण्यासारखी बसून राहते तेव्हा त्या देशाला काय वाटतं, हे आपल्याला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आता तुमच्याकडं येते.

सुरक्षा परिषदेत पंधरा देश बसतात आणि मोहीम किती काळ चालेल, तिनं काय करायचं हे ते ठरवतात. त्यांच्यातले बरेच जण स्वतः फारसं सैन्य देत नाहीत. आजवर भारताचे २ लाख ९० हजारांहून अधिक जवान ५० हून जास्त मोहिमांमध्ये गेले आणि सुमारे १८० परत आले नाहीत. इतकी माणसं दुसऱ्या कुठल्याही देशानं गमावलेली नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं ४४ वं कलम म्हणतं की, जो देश परिषदेचा सदस्य नाही त्याच्याकडून सैन्य मागायचं असेल तर त्या सैन्याच्या वापराबद्दलच्या निर्णयात त्याला बोलवावं. भारतानं या कलमाचा दाखला वारंवार दिला आहे. आम्हाला विचारा, असं आपण न्यूयॉर्कमध्ये हक्कानं म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण दिल्लीत आपल्याच संसदेला विचारावं लागत नाही. जवान पाठवायला संसदेची मंजुरी लागत नाही, ठेवायलाही लागत नाही, परत आणायलाही लागत नाही. जो हक्क आपण जगाकडं मागतो तो आपल्याच लोकप्रतिनिधींना का नसावा?

जर्मनीत परदेशातल्या सशस्त्र मोहिमेला संसदेची संमती लागते. तिथल्या घटनात्मक न्यायालयानं १९९४ मध्ये तसा निकाल दिला, २००५ मध्ये कायदा झाला. संमती बहुधा एका वर्षाची असते. वर्ष संपलं की सरकारला पुन्हा उभं राहून सांगावं लागतं की काय झालं, काय राहिलं, आणखी का थांबायचं. जपाननं १९९२ च्या कायद्यातच अटी लिहून ठेवल्या, आणि त्या मोडल्या तर सैन्य परत आणायचं हेही लिहून ठेवलं. आपण त्यांची नक्कल करावी असं मी म्हणत नाही. आपलं सैन्य त्यांच्याहून कितीतरी जास्त मोहिमांत जातं, आपली व्यवस्था वेगळी आहे. पण दर वर्षी एकदा दोन्ही सभागृहांपुढं प्रत्येक मोहिमेचं निवेदन यावं, एवढं तरी व्हायला काय हरकत आहे? तुकड्या कुठं आहेत आणि किती आहेत, हे संयुक्त राष्ट्रं दर महिन्याला देशवार प्रसिद्ध करतात. त्यामुळं सुरक्षेचं कारण इथं पुढं करता येणार नाही. गस्तीच्या वाटा कुणी विचारत नाही. विचारायचं ते एवढंच: काम काय, खूण काय, आणि ती खूण दिसली नाही तर आपण काय करणार.

निघण्याची योजनाही त्यातच हवी. जिथून आपण निघतो तिथल्या लोकांना किती आधी सांगणार, रुग्णालय कुणाच्या हवाली करणार, आसऱ्याला आलेल्या माणसांचं काय करणार. आणि जवानांच्या घरी मुदत वाढल्याची किंवा आटपल्याची खबर अधिकृतपणे द्यावी. जिल्ह्यांमध्ये सैनिक कल्याण कार्यालयं आहेत, तिथून एक फोन येणं काही अवघड नाही.

यावर दोन आक्षेप येतील, ते मी आमच्या शिक्षक खोलीतच ऐकले आहेत. पहिला म्हणजे, संसदेत चर्चा झाली की त्याचं राजकारण होणार. होऊ दे. श्रीलंकेचं राजकारण चर्चेविना झालं आणि त्याची किंमत जवानांनी मोजली. दुसरा आक्षेप, आपल्याच सीमांवर कमी का ताप आहे, परक्यांच्या भांडणात पडायचंच कशाला? या दुसऱ्या प्रश्नाला सोलापूरच्या माणसानं तरी डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवून उत्तर द्यावं. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच डॉक्टरांचं पथक गेलं, त्यात आमच्या गावचा हा अठ्ठावीस वर्षांच्या आतला तरुण होता. बाकीचे एकेक करून परतले. काम संपलं नाही म्हणून कोटणीस थांबले, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले. कुठवर थांबायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं. जवानाला तशी मुभा नसते, तो हुकमाचा ताबेदार. म्हणून त्याच्या वतीनं विचार करणं ही तुमची जबाबदारी होते.

दक्षिण सुदानमध्ये परिस्थिती पुन्हा बिघडते आहे. मार्च २०२५ मध्ये मलाकालपासून आग्नेयेला नासिर इथं संयुक्त राष्ट्रांच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला, त्यात कर्मचारी मारला गेला. नेमक्या याच वेळी पैशाअभावी सैन्य कमी होतं आहे. आपल्या तुकड्यांसाठी त्याचा एक अर्थ स्पष्ट आहे: माणसं घटणार, गस्तीचा पल्ला तेवढाच राहणार. अर्ध्या बळावर पूर्ण काम सांगितलेली तुकडी सर्वांत जास्त धोक्यात असते. त्याची झळ जवान, त्यांची घरं आणि त्या वस्तीतल्या बायका, तिघांनाही बसते. बळ कमी करायचंच असेल तर काम कमी झालं आहे असं लेखी सांगायला भारतानं संयुक्त राष्ट्रांना भाग पाडावं, आणि ते होत नसेल तर आपली तुकडी तिथं ठेवायची का, हा निर्णय उघडपणे घ्यावा.

स्थायी समित्यांना माझी विनंती आहे की हा विषय अभ्यासासाठी घ्या, अहवाल द्या, आणि साक्षीसाठी अधिकाऱ्यांबरोबर मोहिमांवरून परतलेले हवालदार, नाईक आणि शिपाईही बोलवा. आमच्या दोन्ही खासदारांना विनंती आहे की येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न द्या, म्हणजे मंत्रिमहोदयांना उभं राहून उत्तर द्यावं लागेल आणि तुम्हाला उपप्रश्न विचारता येतील. लेबनॉनमधली पलटण कोणत्या महिन्यात निघणार, तिच्या चौक्यांची जागा कोण घेणार, आणि दक्षिण सुदान व काँगोमधून किती जवान कोणत्या तळांवरून कमी होणार, हे त्यात विचारा. मलाकालचं नाव घेऊन विचारा.

आपली नम्र,
एक शिक्षिका आणि माजी सैनिकाची पत्नी
सोलापूर